कॉलरच्या आतला रंग

सावकाशराव स्टुलावर चढले, तिथेच कडकबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

आता स्टुलावर चढण्यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही सावकाशरावांना ओळखत नाही, म्हणून. ह्या माणसाने लग्न झाल्यापासून घरातला एकही दिवा बदललेला नव्हता. स्टूल डगमगतं, डगमगलं की माणूस पडतो, पडला की डोकं आपटतं आणि डोकं आपटलं की कारभार आटोपला, ही त्यांची तोंडपाठ साखळी. दिवा गेला की कडकबाईच चढायच्या आणि हे खाली उभे राहून, डोळे गच्च मिटून, "सावकाश, सावकाश" म्हणत स्टूल धरायचे. त्यावरूनच गल्लीने त्यांना ते नाव ठेवलं होतं, आणि ते इतकं चिकटलं की पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारी.

कडकबाईंचं नाव कशावरून पडलं ते वेगळं सांगायला नको. घराच्या खालीच त्यांची लाँड्री होती. कपड्यांना इस्त्री कडक, आणि जीभ त्याहून कडक.

तर त्या दिवशी बाई दुकान आवरून वर आल्या, आणि बघतात तो नवरा स्टुलावर. तेही शीळ घालत.

"अहो, पडाल!" बाई ओरडल्या. जन्मात पहिल्यांदा हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं असेल. एरवी ते दुसऱ्या बाजूने यायचं.

"पडलो तर पडलो," सावकाशराव वरून म्हणाले, दिवा बसवला, टुणकन खाली उतरले आणि हात झटकत चहा मागायला लागले.

कडकबाईंनी चहा टाकला खरा, पण साखर घालायची विसरल्या.

हा माणूस मरणाला किती भ्यायचा ते सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. रक्तदाब मोजायचं यंत्र त्यांच्या उशाशी असे, लोकांच्या उशाशी तांब्या असतो तसं. लिफ्टमध्ये ते चढत नसत, कारण दोर तुटतो. जिना चढत नसत, कारण हृदय थांबतं. मग ते जायचेच नाहीत कुठे. वर्तमानपत्रातलं निधनाचं पान बाई आधी काढून ठेवायच्या आणि मग पेपर त्यांच्या हातात द्यायच्या. ओळखीत कुणी गेलं की भेटायला जायचं काम बाईंचं. सावकाशराव दिवसभर खिडकी लावून घरात बसायचे, जणू काही मरण गल्लीतून घरं तपासत हिंडतंय. आणि जरा छातीत कळ आली, म्हणजे बहुतेक वेळा वाताची, की झालं. "अगं, मला काहीतरी होतंय." बाई हातातलं काम न सोडता म्हणायच्या, "काही धाड भरलेली नाही तुम्हाला. पाणी प्या."

बाईंना स्वतःला मरणाचं भय असं नव्हतंच मुळी. सासू, सासरच्या एक आत्या, आपले आईवडील, सगळ्यांचं शेवटचं त्यांनीच केलं होतं. डॉक्टरशी बोलणं, कागदांवर सह्या, लोकांना कळवणं, सगळं. लाँड्रीतही गेलेल्या माणसांचे कपडे यायचे. वाटून टाकायच्या आधी घरचे धुवायला आणून देत आणि काउंटरवर उभे राहून डोळे पुसत. बाई चिठ्ठी लावून शांतपणे म्हणायच्या, "उद्या संध्याकाळी घेऊन जा." त्यांच्या मते मेलेल्याच्या शर्टावरचा डाग आणि जिवंताच्या शर्टावरचा डाग सारख्याच पाण्याने निघतो. मग एवढा बाऊ करण्यासारखं काय आहे?

तेव्हा नवऱ्याची भीती गेली ह्याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण भीती काय आपोआप जाते होय? इतकी वर्षं मुक्कामाला असलेला पाहुणा एका सकाळी न सांगता निघून गेला, तर माणूस आधी चांदीची भांडी तपासतो.

बाईंनी तपासायला सुरुवात केली.

दुपारी जेवण झालं की सावकाशराव आताशा "पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर पडायचे आणि दिवेलागणीला उगवायचे. आठवड्यातून दोनदा तरी. पाय मोकळे करायला कुणाला अर्धा दिवस लागतो? येताना चेहरा धुतलेला असे, कानाच्या मागे ओलसर. भूक सपाटून लागलेली. तळलेलं खायचे, वर मीठ मागून घ्यायचे. रस्ता तिरका ओलांडायचे. आणि समोरच्या इमारतीतला शिंपी गेला, तेव्हा तर कहरच झाला. बाई निघण्यासाठी चपला घालतायत तोवर हे तयार होऊन दारात उभे. "तू राहू दे, मी जाऊन येतो." गेले, आणि तास दीड तास बसून आले. आल्यावर म्हणतात कसे, "बिचाऱ्याचं तोंड उघडं राहिलं होतं. ते आधीच मिटायला हवं. मान जरा उचलून ठेवली ना, की राहतं बंद."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"असंच. ऐकलं कुठेतरी," सावकाशराव म्हणाले आणि पेपर उघडला. निधनाचं पान काढलेलं नव्हतं. तेच आधी वाचायला घेतलं.

मग शर्ट सापडला.

बाई घरचे कपडे दुकानाच्या कपड्यांच्या शेवटी घेत. त्या दिवशी सावकाशरावांचा निळा शर्ट कॉलर घासायला हातात घेतला आणि हात थांबला. कॉलरवर रंग होता. बायका तोंडाला लावतात तसला, पावडर कालवल्यासारखा, चिकट. कडकबाईंनी आयुष्यात पुरुषांच्या कॉलरी इतक्या पाहिल्या होत्या की गल्लीतल्या निम्म्या संसारांची कुंडली त्यांच्या डोक्यात होती. कुणाच्या खांद्यावर कुठला रंग येतो आणि तो त्याच्या बायकोचा नाही, हे त्यांना ठाऊक असे आणि त्या चकार शब्द काढत नसत. आता त्यांच्याच घरचा शर्ट त्यांच्या हातात होता.

त्यांनी तो उजेडात नेला. ग्लिसरीन लावून बोटाने चोळला, हुंगला. विचित्र होतं सगळं. एक तर रंग गुलाबी किंवा गव्हाळ नव्हता, राखाडी पिवळट होता, आजारी माणसाच्या कातडीसारखा. कुठली बया असला रंग लावत असेल? दुसरं म्हणजे डाग खांद्यावर नव्हता, कॉलरच्या बाहेरही नव्हता. आतल्या बाजूला होता, मानेला लागून. आणि त्याला स्पिरिटचा वास येत होता. खिशात कापसाचा बोळा मिळाला, तोही त्याच रंगाने माखलेला.

बाईंनी शर्ट धुतला नाही. घडी घालून काउंटरच्या खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी नणंद आली. सावकाशरावांच्या पाठची बहीण. जन्मभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, त्यामुळे दुसऱ्यांचं बोलणं ऐकणं हा तिचा हक्कच होता आणि निवृत्त झाल्यावरही तिने तो सोडला नव्हता. बाईंनी तिला शर्ट दाखवला. नणंदेने तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, नाकाला लावला.

"वहिनी, दादाचं काहीतरी लफडं आहे."

"तुमच्या दादाचं? वन्सं, त्यांना माझ्या शेजारी नुसतं बसून धाप लागते. त्यांच्याच्याने लफडं झेपेल का?"

"तेच तर. माणूस भ्यायचा थांबतो ना, तो दोनच कारणांनी. एक, म्हातारपणी प्रेमात पडला की."

"आणि दुसरं?"

नणंदेने शर्ट काउंटरवर ठेवला. "आमच्या खात्यात एक साहेब होते. असेच घाबरट. मग एकदम बदलले. हसायला लागले, सगळ्यांना चहा पाजायला लागले. आम्हाला वाटलं, बढती मिळाली. नंतर कळलं, डॉक्टरांनी निकाल सांगून टाकला होता. निकाल लागला की परीक्षेची भीती कसली राहते?"

कापूस. स्पिरिट. कानाच्या मागे धुतलेलं. कडकबाईंनी मनातल्या मनात एकेक गोष्ट जुळवली आणि शर्ट पुन्हा घडी घालून काउंटरच्या खाली ठेवला.

"तुला माहितेय का, तो असा का झाला?" नणंद पुढे म्हणाली. "बाबा गेले ना आमचे, तेव्हा आम्ही खेळत होतो त्याच खोलीत. बाबा बुटाची नाडी बांधायला वाकले आणि तसेच राहिले. मोठ्या माणसांनी आम्हाला उचललं, बाहेर ठेवलं आणि दार लावून घेतलं. वर सांगितलं, बाबा गावाला गेलेत. मी लहान, मला पटलं. दादा मात्र त्या दारासमोर बसून राहिला. किती हाका मारल्या त्याने. कुणी उघडलं नाही. मला वाटतं, अजून तिथेच बसलाय तो."

बाईंना हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत नवऱ्याने सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. पाणी प्या म्हटलं की त्यांच्या लेखी विषय संपत असे.

त्या संध्याकाळी त्यांनी जेवताना सरळ विषय काढला. त्यांना आडून बोलता येतच नसे.

"दुपारी कुठे जाता?"

"सांगितलं ना. पाय मोकळे करायला."

"कॉलरला रंग कसला?"

सावकाशरावांचा घास हातातच राहिला. "रंग?"

"मी लाँड्री चालवते. मला रंग विचारू नका, सांगा."

त्यांनी घास ताटात ठेवला. मग हसले, आणि ते हसू बाईंना कुठलंच ओळखीचं वाटलं नाही. "सांगेन. पण आत्ता नको. तुला आवडायचं नाही."

"तब्येत बरी आहे ना?"

"अगं, इतकी बरी कधीच नव्हती," सावकाशराव म्हणाले आणि बाईंचा हात थोपटला. ह्या माणसाने आजवर नाडी बघण्याखेरीज दुसऱ्या कशासाठी मनगटाला हात लावला नव्हता, स्वतःच्याही आणि त्यांच्याही.

मग कडकबाईंनी एक प्रार्थना केली, जी कुठल्याही बायकोने आजवर केली नसेल. देवा, बाई असू दे. एखादी सटवी असू दे, पिवळ्या तोंडाची का होईना. बाई असली तर तिच्या झिंज्या उपटता येतील, ह्यांना चार शिव्या घालता येतील, आठवडाभर अबोला धरता येईल. दुसरं काही असलं तर मी कुणाच्या झिंज्या उपटू?

पुढच्या वेळी सावकाशराव निघाले तशा कडकबाईंनी भरदुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं. गल्लीतली माणसं बघायला लागली. शटर भरदिवसा पडलेलं त्यांनी पाहिलंच नव्हतं. बाईंनी डोक्यावरून रुमाल बांधला आणि नवऱ्याच्या मागे त्याच बसमध्ये मागच्या दाराने चढल्या. सावकाशराव थेट ड्रायव्हरच्या मागे बसले होते. समोरून धडक बसली तर तिथला माणूस पहिला जातो, हे त्यांनीच बाईंना शंभर वेळा समजावलं होतं. आता तिथे बसून खिडकीबाहेर बघत मान डोलावत होते.

बस शहराबाहेर आली. गोदामं लागली, लांबच लांब भिंती. एका फाटकापाशी ते उतरले, पहारेकऱ्याला हात केला आणि आत गेले. बाई पुढच्या थांब्यावर उतरून उलट चालत आल्या. फाटकातून आत बघितलं.

आत एक इमारत होती आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत पाटी होती: रुग्णालय. दाराशी रुग्णवाहिका उभी होती.

म्हणजे बाई नव्हती.

कडकबाई किती वेळ फाटकाशी उभ्या होत्या कोण जाणे. मग हातातल्या पिशवीवर त्यांची मूठ आवळली गेली आणि त्या चालायला लागल्या. पहारेकऱ्याने विचारलं नाही. दारात कानाला यंत्र लावलेली एक मुलगी हातात कागद घेऊन घाईघाईने फिरत होती. तिने बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नातेवाईक ना?"

"हो," बाई म्हणाल्या.

"किती उशीर केलात!"

"उशीर? म्हणजे... गेले?"

"नाही हो, अजून कुठे. आता जातील, दहा मिनिटांत. सगळे तुमच्यासाठीच थांबलेत. कोण तुम्ही?"

"बायको."

मुलीने कागदावर बोट फिरवलं आणि वैतागून मान हलवली. "बायको केव्हाची आत बसलीय. तुम्ही आत्या असाल. चला, चला लवकर."

म्हणजे बाईही होती! एकाच दारातून दोन्ही गोष्टी बाहेर आल्या आणि कडकबाईंना कळेना की आधी कशावर रडायचं. मुलीने त्यांना दंडाला धरून जवळजवळ ढकलतच आत नेलं.

आत वॉर्ड होता. पलंगावर सावकाशराव पडले होते, गळ्यापर्यंत पांढरी चादर. चेहरा राखाडी पिवळा, ओठ निळसर, डोळे मिटलेले. आणि पलंगाच्या कडेला केस मोकळे सोडलेली, त्यांची मुलगी शोभेल अशा वयाची एक बाई त्यांचा हात हातात घेऊन बसली होती. कडकबाईंच्या तोंडाला शब्द आला होता, तो काय होता ते लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात एक पोरगी स्पंज घेऊन आली, सावकाशरावांची मान उचलली आणि कॉलरच्या आतल्या बाजूपर्यंत तोच रंग थापायला लागली.

बाईंनी वर पाहिलं. वॉर्डाला छत नव्हतं. वर लोखंडी दांड्यांना दिवे लटकत होते. समोरची भिंत असायला हवी तिथे भिंत नव्हतीच. तिथे कॅमेरा होता आणि त्याच्या मागे दहाबारा माणसं चहा पीत उभी होती. गळ्यात यंत्र अडकवलेला डॉक्टर कुणाला तरी विनोद सांगत होता.

शूटिंग! मेलं शूटिंग चाललं होतं. मालिकेत मरत होता हा माणूस! बुडत असताना पायाला तळ लागावा तसं बाईंना झालं. त्या बाकावर बसल्या. शेजारी दोन खोटे नातेवाईक भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. "पहिल्यांदाच का?" त्यांतल्या एकाने विचारलं. "आजोबा मात्र मुरलेले आहेत हं. सगळ्या मालिकांत तेच मरतात. इतकं निपचित कुणाला पडता येत नाही."

कडकबाईंना हसू फुटायला लागलं. हसू आणि संताप, दोन्ही एकदमच. थांबा, घरी चला, मग दाखवते. मरायला जाता होय रोज दुपारी? इकडे माझ्या जिवाला घोर लावून, तिकडे निळे ओठ रंगवून घेता? बघा रात्री जेवायला काय वाढते ते. अशी सगळी तयारी त्यांनी बाकावर बसल्या बसल्या करून ठेवली.

मग कुणीतरी ओरडलं आणि सगळं शांत झालं. शेंगा खिशात गेल्या. चहाचे पेले खाली ठेवले गेले. डॉक्टर एकदम गंभीर झाला, पलंगाशी आला, मनगट धरलं, सोडलं. मान हलवली. मोकळ्या केसांची बाई हंबरडा फोडून सावकाशरावांच्या छातीवर पडली. नर्सने तिला बाजूला केलं आणि चादर हळूहळू वर ओढली. हनुवटी गेली. ओठ गेले. नाक, मिटलेले डोळे, विरळ झालेले केस.

चादर तोकडी होती. वर ओढली तसे खालून पाय बाहेर आले.

ते पाय बाईंचे ओळखीचे होते. चेहऱ्यावर रंग होता, तो कुणाचाही असू शकला असता. पायांवर रंग नव्हता. ती वाकडी करंगळी, ती टाचेवरची भेग. तिला लावायला आपण मलम आणलं आणि अजून दिलं नाही, हे त्यांना आठवलं. त्यांनी छातीकडे पाहिलं. चादर हलत नव्हती.

श्वास धरलाय, त्यांनी स्वतःला सांगितलं. खोटं आहे. वर दिवे आहेत, तिथे कॅमेरा आहे. त्यांना सगळं कळत होतं, लख्ख कळत होतं. पण कळण्याचा काही उपयोग होईना. आजवर कुणाकुणाच्या अंगावर त्यांनी अशी चादर ओढली होती आणि लगेच पुढच्या कामाला लागल्या होत्या. पण ती माणसं गेली तेव्हा घरी हे होते, खिडकी लावून, भेदरून, पण होते. ह्यांच्यानंतर घरी कोण असणार? आणि हे गेल्यावर ह्यांचे शर्ट? बाया काउंटरवर नवऱ्याचे शर्ट ठेवून रडायच्या, आपण चिठ्ठी लावायचो. ह्यांचे शर्ट आपण कुणाच्या काउंटरवर ठेवायचे? उद्या संध्याकाळी घेऊन जा, असं आपल्याला कोण सांगणार, आणि घेऊन जायचे ते कुणासाठी?

चादर अजूनही हलत नव्हती.

"श्वास घ्या!"

आपणच ओरडलो हे बाईंना नंतर कळलं. तोवर त्या पलंगापाशी पोहोचल्या होत्या, नर्सला कोपराने उडवलं होतं आणि दोन्ही हातांनी चादर खाली खेचत होत्या. "अहो, श्वास घ्या! घ्या म्हणते ना! बास झालं, उठा!"

सावकाशरावांनी डोळे उघडले. बायकोचा चेहरा इतक्या जवळ बघून ते असे दचकले की खरोखरच जायचे. "तू? तू इथे कशी?"

कडकबाईंनी हात नवऱ्याच्या छातीवर ठेवला होता आणि तो त्या काढत नव्हत्या. छाती वरखाली होत होती. बाई थरथरत होत्या, दात एकमेकांवर आपटत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्याचा त्यांना पत्ताही नव्हता.

"अगं, नाटक आहे हे," सावकाशराव उठून बसत समजावायला लागले. "मीच सांगणार होतो तुला. तू मला एकदा बागेत फिरायला पिटाळलं होतंस ना, तिथे हे लोक शूटिंगला आले होते, त्यांचा म्हातारा आला नाही, मला म्हणाले नुसतं पडून राहा. मी नाही म्हणायच्या आधीच झोपवलं त्यांनी. पहिल्यांदा चादर तोंडावर आली ना, मला वाटलं संपलो. आणि मग ऐकतोय तर काय, वर लोक जेवणाचं बोलतायत! एकाला पायात गोळा आलाय. एक बाई तिच्या सुनेचं सांगतेय. मी म्हटलं, हे एवढंच? आत काही नाही गं. जरा उकडतं, इतकंच. इतकी वर्षं मी उगाच..." त्यांचा चेहरा उजळला होता, राखाडी रंगाच्या खालूनसुद्धा दिसत होता. एखादं पोर पहिल्यांदा पोहायला शिकून आल्यावर सांगतं, तसे सांगत होते. "दार उघडून आत बघून आलो असं समज."

टोपी घातलेला दिग्दर्शक धावत आला. पहारेकऱ्याला बोलवा, म्हणेल असं सगळ्यांना वाटलं. पण त्याचे डोळे चमकत होते. "आत्याबाई, काय केलंत हो! अंगावर काटा आला माझ्या. हे लिहिलेलंच नव्हतं, पण हेच ठेवायचं. फक्त कॅमेरा तुमच्यावर नव्हता ना. अगदी असंच, पुन्हा एकदा करायचं. रंग नीट करा आजोबांचा."

स्पंजवाली पोरगी पुढे आली. सावकाशरावांनी सवयीने मान वर केली. मग बायकोला कौतुकाने म्हणाले, "कर ना. तुला जमेल. पहिल्यांदाच जड जातं, पुढच्या वेळी काही वाटत नाही."

"पुढच्या वेळी तुम्ही उठणार नाही," कडकबाई म्हणाल्या.

त्या मोठ्याने बोलल्या नव्हत्या. तरी शेंगा सोलणाऱ्यांपर्यंत ते गेलं असावं, कारण ते थांबले. पोरीने स्पंज खाली घेतला.

सावकाशरावांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. ह्या बाईला घाबरलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि घाबरलेला माणूस कसा दिसतो हे त्यांच्याहून जास्त कुणाला माहीत असणार?

"मला भीती वाटतेय हो," बाई म्हणाल्या. "मला फार भीती वाटतेय."

काही होत नाही, असं सावकाशरावांनी म्हटलं नाही. पाणी प्या, असंही नाही. "वाटते," ते म्हणाले. "वाटतेच." आणि त्या अरुंद पलंगावर ते भिंतीच्या बाजूला सरकले, चादर उचलून धरली आणि बायकोसाठी जागा केली.

दिग्दर्शक घड्याळ बघत होता. कडकबाई चपलांसकट आत शिरल्या आणि नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून पडून राहिल्या. त्यांच्या केसांना तो राखाडी रंग लागत होता.